न कापलेला पर

माझा जाहीर सत्कार आजवर एकदाच झाला, आणि ज्या कामासाठी झाला ते काम चुकलेलं होतं. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या एका सभागृहात इथली बरीच मराठी माणसं जमली होती. नाट्यगीतांचा कार्यक्रम होता आणि त्याआधीची वीस मिनिटं आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना आणि मला दिलेली होती. शाल, नारळ आणि काचेचं एक मानचिन्ह मिळालं. त्या मानचिन्हावर मासा म्हणून डॉल्फिन कोरलेला होता. निवेदिका म्हणाली, "सातासमुद्रापलीकडच्या नदीत मासे परत आणणारे हे मराठी हात!" टाळ्या झाल्या. मी माझ्या हातांकडे पाहिलं. त्यांनी जिवंत स्टीलहेडला कधी स्पर्श केला नव्हता. मेलेल्याला केला होता, तोही बेडोकच्या सुपरमार्केटात, प्लास्टिकच्या आवरणावरून, आणि तो मासाही टाकीत वाढवलेला होता.

स्टीलहेड हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांतला मासा. तिथल्या ट्राउटच्या एका जातीतली काही पिल्लं आयुष्यभर नदीतच राहतात, काही समुद्रात जातात. जी जातात ती स्टीलहेड. गोड्या पाण्यात जन्मायचं, दोनेक वर्षं तिथेच वाढायचं, मग समुद्रात जायचं, आणखी दोनेक वर्षांनी पोलादासारखं चकचकीत होऊन आपल्याच नदीत परत यायचं आणि अंडी घालायची. तिथले बहुतेक साल्मन अंडी घालून मरतात. स्टीलहेडमधले काही पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. इतकी येजा करणारे जीव मला अपरिचित नव्हते. आमच्या मजल्यावरची निम्मी बिऱ्हाडं तशीच होती.

सिंगापुरात बसून त्या नदीचं तू काय करतेस, हा प्रश्न मला आईने, घरमालकाने आणि एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे कामाच्या परवान्याच्या, खिडकीमागच्या बाईने विचारलेला आहे. उत्तर असं की आम्हाला मासे लागत नाहीत, आकडे लागतात. मी मूळची पुण्याची, संख्याशास्त्रातली. सरांची प्रयोगशाळा माशांच्या संख्येची मॉडेलं बनवते. नदीवरची माणसं मोजतात, आम्ही एसीत बसून त्या मोजणीचा अर्थ लावतो, आणि त्या अर्थावरून तिथली समिती ठरवते की यंदा मासेमारी होऊ द्यायची की नाही.

जंगली स्टीलहेड का घटले याची कारणं मी पहिल्या सहा महिन्यांत पाठ केली. वरच्या अंगाला धरण आहे, त्यामुळे अंडी घालायच्या निम्म्या जागा बंद झाल्या. काठची झाडं तोडली, सावली गेली, उन्हाळ्यात पाणी तापू लागलं. शेतीला पाणी उचललं जातं. रस्त्यांखालचे पाइप इतके उंचावर बसवलेत की ओढ्यात शिरायला माशाला उडी मारावी लागते. समुद्र बदलला, त्यातलं खाणं कमी झालं. गळ टाकणारे आहेतच. प्रत्येक कारणाचं एक खातं होतं, आणि प्रत्येक खात्याकडे दुसऱ्या खात्याचं कारण सिद्ध करणारा जाडजूड अहवाल होता.

या सगळ्यांत एक कारण असं होतं की जे मुळात उपाय म्हणून आलं होतं. मासे कमी झाले तेव्हा धरणाखाली हॅचरी काढली. सिमेंटच्या टाक्यांत अंडी उबवायची, पिल्लांना रोज खाणं घालायचं आणि मोठी झाली की नदीत सोडायची. ही पिल्लं समुद्रात जातात आणि परतही येतात. पण टाकीत वाढलेल्यांची जंगली माशांशी जोडी जमली की पुढची पिढी नदीत कमी टिकते, आणि जंगली पिल्लांच्या खाण्याजागेत नवे वाटेकरी येतात ते वेगळंच. म्हणून मोजताना दोन्ही वेगळे मोजावे लागतात. त्यासाठी एक रीत आहे. शेपटीच्या थोडं अलीकडे, पाठीवर, या माशाला नखाएवढा एक मांसल पर असतो. हॅचरीतलं पिल्लू सोडण्याआधी तो पर कापतात. चार वर्षांनी परत आलेल्या माशाच्या पाठीवर पर असला तर तो जंगली, नसला तर हॅचरीचा. माझ्या तक्त्यात या सगळ्याचा एक रकाना होता आणि त्यात दोनच शब्द येत, जंगली किंवा हॅचरी.

तो रकाना भरणारा माणूस सत्तरीच्या पुढचा होता. नदी चढणारे मासे अडवून, मोजून पुढे सोडायचा एक सापळा असतो, त्याच्याशी तो इतकी वर्षं उभा होता की मत्स्यखात्याने त्याला निवृत्त केल्यावरही तो येतच राहिला, आणि शेवटी खात्याने त्याला मानद काहीतरी करून टाकलं. आमचं बोलणं माझ्या सकाळी आणि त्याच्या दुपारी व्हायचं. मी मुलीचा डबा भरत असायचे, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला, आणि पलीकडे रेनकोट घातलेला म्हातारा. मला तो डॉक्टर म्हणायचा. एकदा त्याने विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे हिवाळा कधी असतो?"

"आमच्याकडे नसतोच."

"मग वर्ष संपलं हे कसं कळतं?"

"मॉलमध्ये नाताळच्या घंटा बांधतात," मी म्हटलं. तो खूप वेळ हसला.

सत्काराच्या आधीच्या वसंतात त्याने मला एक पाकीट पाठवलं. आत छोट्या छोट्या कागदी पुड्या आणि प्रत्येकीत एका माशाचे दोनतीन खवले. सोबत चिठ्ठी होती: हे सगळे पर असलेले, म्हणजे जंगली म्हणून नोंदवलेले. पण यांच्या पाठीवरचा मोठा पर बघा, कडेने झिजलेला, वाकडा. सिमेंटला घासून होतो तसा. मला हे मासे बरोबर वाटत नाहीत. सवड मिळाली की बघा.

मला सवड मिळाली नाही. खरं सांगायचं तर मला ते काम वाटलंच नाही. आमच्यात एक शिकवण असते की एका माणसाला काय वाटतं हा आकडा नव्हे. माझ्याकडे कित्येक वर्षांचे आकडे होते, आणि गेले दोन हिवाळे त्यांत जंगली माशांची रेघ वर चढत होती. इतक्या वर्षांच्या उतारानंतर रेघ वर चढताना पाहिली की माणसाचं डोकं जरा हलतंच. सरांनी तो आलेख मोठा छापून बाहेर लावला. अहवाल गेला. त्यात आम्ही लिहिलं की जंगली मासे सावरताहेत आणि हिवाळ्यात मर्यादित मासेमारी नदीला सोसेल. हे वाक्य माझं आहे. 'मर्यादित' हा शब्द सरांचा.

पाकीट ड्रॉवरमध्ये राहिलं. सत्काराच्या संध्याकाळीही ते तिथेच होतं.

ते उघडलं नोव्हेंबरात. टेबल आवरायला घेतलं होतं, कारण आमचा मजला रंगवायचा होता. पाकीट टाकून द्यावं की ठेवावं असा प्रश्न पडला आणि निदान एकदा पाहू म्हणून शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक खवला ठेवला. माशाच्या खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं असतात. उन्हाळ्यात मासा भरभर वाढतो, वर्तुळं लांब लांब पडतात. हिवाळ्यात उपासमार असते, तेव्हा ती एकमेकांना चिकटून एक गडद पट्टा होतो. नदीत दोन हिवाळे काढलेल्या माशाच्या खवल्यात मध्याजवळ असे दोन पट्टे दिसायला हवेत. मला एकही दिसला नाही. वर्तुळं सारख्या अंतराने, आखून काढल्यासारखी, थेट समुद्रातल्या वाढीच्या वर्तुळांपर्यंत गेलेली. त्या माशाला बालपणी रोज वेळेवर खाणं मिळालं होतं. दुसरा खवला तसाच. तिसरा तसाच. जेवायची सुटी झाली तेव्हा पुड्या संपल्या होत्या, आणि पाकिटातले जवळजवळ सगळे मासे सिमेंटच्या टाकीत वाढलेले निघाले.

त्यांचे पर मग कापले कसे नव्हते? हॅचरीची जुनी रोजवही माझ्याकडे स्कॅन करून पडलेली होती, शेकडो पानं, कुणीतरी वाकड्या अक्षरात लिहिलेली. ती मी वाचली नव्हती, कारण तिच्यातले आकडे वेगळ्या तक्त्यात मिळत होते. आता वाचली. लागोपाठ दोन वर्षं, सोडण्याच्या आठवड्यात, पर कापायचं यंत्र बिघडलेलं होतं. पिल्लं वाढून टाक्या भरल्या होत्या, थांबता येत नव्हतं. एका ओळीत लिहिलं होतं की उरलेली न कापता सोडली. ती मोठी होऊन परत आली, सापळ्याशी कुणीतरी पाठीवर बोट फिरवलं, पर लागला, आणि माझ्या रकान्यात 'जंगली' असं पडलं. वर चढणारी ती रेघ म्हणजे एका बिघडलेल्या यंत्राची रेघ होती. खरी रेघ काढली तेव्हा ती खालीच जात होती, आधीपेक्षा जास्त उतरती.

समितीची बैठक दोन आठवड्यांवर होती. मी सरांकडे गेले.

सरांच्या खोलीत एक कपाट फक्त मानचिन्हांचं आहे. त्यांना समारंभ आवडतात, आणि मी आयुष्यभर समारंभांना नाकं मुरडत आले आहे. पण त्यांनी खवले स्वतः पाहिले, एकेक, चष्मा काढून. मग चष्मा पुन्हा चढवला.

"खात्री आहे तुझी?"

"पाकिटातल्यांची आहे. बाकीच्यांचे खवले त्यांच्या गोदामात आहेत."

"म्हणजे नाही. हे बघ, त्याने स्वतः निवडून पाठवलेत हे मासे. हा नमुना म्हणता येईल का? तूच सांग. तुझ्या विद्यार्थ्याने आणला असता तर तू काय म्हणाली असतीस?"

"परत पाठवला असता."

"मग? सगळे खवले मागव, वाच, मॉडेल पुन्हा चालव, मग एकदाच काय ते पक्कं सांगू. अर्धवट गोष्ट बाहेर द्यायची नसते गं. आज म्हणायचं मासे आहेत, उद्या म्हणायचं नाहीत, परवा पुन्हा आहेत. कोण विश्वास ठेवेल आपल्यावर?"

"बैठक दोन आठवड्यांवर आहे, सर."

"समित्या काय, दरवर्षी बसतात."

सर खलनायक नव्हते. ते म्हणाले त्यात शास्त्राच्या दृष्टीने एक शब्द चुकीचा नव्हता. मला ते पटलं, हीच अडचण होती. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो.

"अगं, आमच्याकडे याला प्रॉडक्शन इश्यू म्हणतात," तो म्हणाला. "आधी फोन उचलून क्लायंटला सांगायचं, थांबा. कारण नंतर शोधायचं."

"तुमच्याकडे विश्वासार्हता वगैरे काही नसेल."

"असते ना. फोन केला म्हणूनच असते."

मुलगी गृहपाठ करत होती. मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट टेल देम, लाह. नॉट सो हार्ड, व्हॉट."

"तू तुझं गणित बघ," मी म्हटलं.

मी खवले मागवले. ते यायला वेळ लागला, सीमाशुल्कवाल्यांना माशाचे खवले कुठल्या वर्गात घालायचे ते कळेना. त्या दिवसांत मी संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर चालायला जायचे. जेटीवर गळ टाकून बसलेले अंकल असतात. एकाला विचारलं, काय मिळतं? "नाऊ नो मोअर," तो म्हणाला. "लास्ट टाइम प्लेंटी." लास्ट टाइम म्हणजे इथे पूर्वी. त्याच्या शेजारी त्याच्याहून म्हातारा एक जण होता, तो त्याच्यावर हसला आणि म्हणाला की याने काय पाहिलंय, त्याआधी बघायला हवं होतं. प्रत्येकाचा 'पूर्वी' वेगळा असतो. म्हणूनच मोजणी ठेवायची असते, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. मी समुद्रावरच्या जहाजांचे दिवे पेटेपर्यंत तिथे उभी राहिले आणि घरी येऊन कुणालाही फोन केला नाही.

बैठक झाली. आमच्या अहवालाचा उल्लेख करून समितीने हिवाळी मासेमारी खुली केली. तसं पत्र आलं, त्यात आमचे आभार मानले होते.

म्हाताऱ्याचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तोपर्यंत मी त्याच्याशी बोलायचं टाळत होते. तो म्हणाला, "डॉक्टर, ते पाकीट मिळालं होतं ना?"

"मिळालं."

"बघायला जमलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कधी पाहिलं तेही. पलीकडे पाऊस पडत होता, त्याच्या टोपीवर आवाज येत होता.

"म्हणजे बैठकीच्या आधी," तो म्हणाला.

"हो."

"हं."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला की आता त्याला सापळ्याकडे जायचंय, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी सरांना न विचारता समितीला लिहिलं: आमच्या आकड्यांत चूक असण्याची दाट शक्यता आहे, कृपया हंगाम थांबवावा. सरांना प्रत पाठवली. मला वाटलं होतं ते संतापतील. त्यांनी तासाभरात त्याच पत्राखाली स्वतःची एक ओळ जोडून पाठवली, की जबाबदारी प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून त्यांची आहे. बाहेर लावलेला आलेख त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून काढला.

पण खुला केलेला हंगाम पत्राने बंद होत नाही. त्याला पुन्हा बैठक लागते, बैठकीला सूचना लागते, सूचनेला दिवस लागतात. मध्ये नाताळ आला. नदी बंद व्हायला जानेवारी उजाडला. तोवर कित्येक आठवडे लोकांनी नियमाप्रमाणे गळ टाकला. पर कापलेला मासा ठेवायचा, न कापलेला सोडून द्यायचा, असा नियम होता, आणि बहुतेकांनी तो पाळलाही. पण थकून आलेली मादी गळाला लागून, हाताळली जाऊन, फोटो काढून सोडली, की ती पुढे अंडी घालायच्या जागेपर्यंत पोचतेच असं नाही. या नदीत हिवाळ्यात सर्वांत आधी चढणारे मासे नेमके जंगली जास्त असतात. हेही मला माहीत होतं. माझ्याच अहवालाच्या परिशिष्टात होतं.

फेब्रुवारीत मी म्हाताऱ्याला फोन केला. सापळ्यात आलेल्यांपैकी काहींच्या जबड्यावर गळाच्या जखमा होत्या असं तो म्हणाला. त्यात आरोप नव्हता, हवामान सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, यंदा जंगली किती आले?

"डॉक्टर, यंदा मी वही नेत नाही," तो म्हणाला. "लक्षात राहतात."

त्यानंतर काही गोष्टी नीट झाल्या. आमचा दुरुस्त अहवाल छापून आला. त्या नदीची एक उपनदी हॅचरीपासून मोकळी ठेवायचं ठरलं, तिथे टाकीतलं एकही पिल्लू सोडत नाहीत. काठावर झाडं लावली आहेत. ओढ्यातले दोन पाइप काढून त्या जागी पूल बांधले. धरणाबद्दल चर्चा चालू आहे. धरणाबद्दलची चर्चा ही धरणापेक्षा टिकाऊ असते. नोंदीत आता पराबरोबर खवलाही तपासतात, आणि मासा हाताळणाऱ्याला काही खटकलं तर ते लिहायला एक नवा रकाना आहे. तो मी मागून घेतला. संख्या नसलेला तो एकच रकाना आहे आणि मी रोज आधी तोच वाचते. कुणी मला विचारलं की अशा नद्यांचं काय करावं, तर मी फार मोठं काही सांगत नाही. खात्री नसेल तेव्हा नदी बंद ठेवा, मासा परत आला की उघडता येते. बंद करायला उशीर झाला तर मात्र कुठल्याही दुरुस्त अहवालाने तो भरून निघत नाही.

म्हातारा आता सापळ्याशी नसतो. गुडघे साथ देईनात. त्याच्या जागी पाण्याखाली कॅमेरा आहे, तो पर बघतो, झीज बघतो, आणि कधी कंटाळत नाही. मी मात्र दर सकाळी पोहे परतताना फोनकडे बघते, सवयीने.

स्टीलहेडला जन्मून परत यायला चारेक वर्षं लागतात. ज्या हिवाळ्यात मी गप्प बसले त्या हिवाळ्याची पिल्लं, जी जन्मली ती, या येत्या हिवाळ्यात नदीत शिरतील. जी जन्मली नाहीत ती शिरणार नाहीत. आलेखात तिथे खड्डा पडेल, हे मला आत्ताच माहीत आहे. तो पडला की कारणं निघतील. समुद्र तापला होता, त्या वर्षी पाणी कमी होतं, धरण आहेच. सगळी खरी असतील. त्यात माझ्या दोन आठवड्यांचा वाटा किती, हे मी वेगळं काढायचा प्रयत्न केला. मॉडेल तीन वेगवेगळ्या पद्धतींनी चालवून पाहिलं. तो वेगळा निघत नाही.